शिफ्टच्या घरातली दिनचर्या

येत्या २३ सप्टेंबरला आयुर्वेद दिन. २०१६ पासून तो धनत्रयोदशीला साजरा होत असे. २०२५ पासून ही तारीख कायमची ठरली. शहरात शिबिरे होतील, नाडी पाहिली जाईल, प्रकृतीचे तक्ते भरले जातील आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिनचर्येचे एक छापील पत्रक पडेल. ब्राह्ममुहूर्ती उठा, अभ्यंग करा, रात्री लवकर जेवा, दिवसा झोपू नका. यातले एकही वाक्य शास्त्राला सोडून नाही. पण ते पत्रक खिशात घालून वाळूजच्या बजाजनगरला किंवा रांजणगाव शेणपुंजीला परतणाऱ्या माणसाला त्याच रात्री दहा वाजता मशीनवर उभे राहायचे असते. त्याने त्या कागदाचे करायचे काय?

छत्रपती संभाजीनगर हे शिफ्टमध्ये जगणारे शहर आहे. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत जुनी. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे लहान-मोठे कारखाने आले, पुढे शेंद्रा आणि ऑरिकची भर पडली. घरातला एक माणूस शिफ्टमध्ये असला की सगळे घरच शिफ्टमध्ये असते. सेकंड शिफ्ट करून तो रात्री अकराला येतो, त्याला गरम वाढायला बायको जागी राहते. मुलांची शाळा सकाळची, म्हणून पहाटे डब्यासाठी तीच उठते. त्यात नळाला पाणी येते काही दिवसांआड, आणि ते अवेळी आले तर मोटार लावायला, पिंप-टाक्या भरायला पुन्हा तीच. ही बाई आपल्यासारख्या वैद्यांकडे येते ती अंगदुखी, डोके जड होणे, घशाशी आंबट येणे अशा तक्रारी घेऊन. आपण अविपत्तिकर चूर्ण लिहितो आणि तिखट बंद करायला सांगतो. तिच्या केसपेपरवर व्यवसाय म्हणून ‘गृहिणी’ लिहिलेले असते. ती सलग किती तास झोपते याची नोंद बहुधा नसते.

निद्रा हा आहार आणि ब्रह्मचर्याच्या बरोबरीचा उपस्तंभ आहे, हे आपण परीक्षेत लिहिलेले असते. व्यवहारात मात्र झोपेचा प्रश्न आपण ‘दिवास्वाप वर्ज्य’ एवढ्यावर सोडून देतो. ग्रंथ इतके कठोर नाहीत. चरकाने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात दिवसा झोपायला मुभा असलेल्यांची यादी दिली आहे आणि तिच्यात रात्री जागलेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वाग्भटाने तर मापही दिले: सवय नसताना जागरण झाले, तर जागलेल्या वेळेच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपावे. रात्रभर काम करून सकाळी सातला घरी येणारा, पोहे-चहा किंवा आदल्या रात्रीची भाजी-भाकरी पोटभर खाऊन आडवा होणारा कामगार डोळ्यांसमोर आणा. उठल्यावर तोंडाला चव नसणे, पोट जड असणे, दुपारी चिडचिड होणे या त्याच्या तक्रारींचे अर्धे निदान या एका नियमात आहे.

मात्र हा नियम कोणासाठी सांगितला, हेही पाहायला हवे. तो एखाद्या जागरणासाठी आहे. ओळीने सहा रात्री जागणाऱ्याला सकाळचे चार तास पुरणार नाहीत. त्याला संध्याकाळी कामावर निघण्याआधी आणखी एक झोप ठरवून द्यावी लागेल. शरद ऋतूत अडचण वाढते, कारण ऋतुचर्येत शरदात दिवास्वाप आणि दही दोन्ही वर्ज्य आहेत. मग ऋतू पाळायचा की झोप? आमचे मत स्पष्ट आहे: रात्रपाळीच्या माणसाला शरदातही दिवसा झोपू द्यावे; दही, आंबवलेले आणि तळलेले पदार्थ यांवर मात्र काटेकोर राहावे. दोन नियमांत विरोध आला तर ज्याने जास्त बिघडेल ते आधी सांभाळायचे.

आहाराचेही असेच. मराठवाडा कोरडा, जांगल देशाच्या जवळचा. ज्वारी, तूर, धपाटे, येसर हे इथल्या माणसाचे सात्म्य. करडईचे तेल चरकाने विदाही आणि सर्व दोषांचा प्रकोप करणारे म्हटले आहे, आणि त्याच तेलावर इथल्या पिढ्या वाढल्या. ग्रंथातले वाक्य दाखवून ते एका दिवसात बंद करायला लावणारा वैद्य ओकसात्म्य विसरतो. सवयीचे अपथ्य सोडवायचे ते पायरीपायरीने, हे सांगणारेही तेच ग्रंथ आहेत. शिफ्ट आठवड्याने बदलत असेल, तर दर आठवड्याला नवे पथ्य सांगण्यापेक्षा एकच गोष्ट पक्की धरायला लावावी: मुख्य जेवण शक्यतो दिवसाच्या उजेडात आणि रोज जवळपास एकाच वेळी. रात्रपाळीला निघताना मुगाचे वरण आणि मऊ भाकरी, मधल्या सुट्टीत ज्वारीच्या लाह्या किंवा राजगिऱ्याचा लाडू, एवढे पुरते. रात्री दोनला भजी, कडक चहा आणि तंबाखू यांवर जागणाऱ्याचा अग्नी कोणत्याही पाचक वटीने सावरत नाही.

एक धोका ठळकपणे सांगितला पाहिजे. सकाळी न खाता झोपण्याचा सल्ला सरसकट देऊ नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्या रुग्णाची साखर झोपेत घसरू शकते. आधी चालू औषधे विचारा, रक्तातील साखर आणि रक्तदाब पाहा, त्याच्या डॉक्टरांशी बोला. गर्भिणी, लहान मुले आणि वृद्ध यांनाही हा नियम लावू नये.

शरीराला स्वतःचे घड्याळ असते, ही गोष्ट आता केवळ आपल्या शास्त्राची राहिलेली नाही. त्या घड्याळामागची पेशींतली यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला संभाव्य कर्ककारकांच्या गटात २००७ मध्ये ठेवले आणि २०१९ मध्ये तेथेच कायम केले. तेव्हा जागरणाचा प्रश्न वैद्याने गौण मानण्याचे कारण उरत नाही. त्यावर घराच्या सोयीने उत्तर देण्याची साधने, म्हणजे सात्म्य, अग्नी, काल आणि मात्रा यांचा विचार, आपल्याकडे आहेत. ती वापरण्याचा कंटाळा आपण करतो आणि पत्रक वाटून मोकळे होतो.

म्हणून या आयुर्वेद दिनाच्या निमित्ताने वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे. केसपेपरवर चार नोंदी वाढवा: घरात कोणाची कोणती शिफ्ट, स्वयंपाक कोण आणि किती वाजता करते, घरातले सगळे एकत्र कधी जेवतात, आणि समोर बसलेली व्यक्ती सलग किती तास झोपते. दिनचर्या लिहून द्यायची ती या उत्तरांवरून, हाताने, त्या एका घरापुरती. आणि नवऱ्याला पथ्य सांगताना ते पाळण्यासाठी बायकोची झोप मोडणार असेल, तर ते पथ्य बदला.