सोडतीचा न्याय आणि सोयीचे राजकारण

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या ९५ जागांपैकी निम्म्या जागा २०११ च्या कायद्याने स्त्रियांच्या. त्या कोणत्या, हे सोडतीची चिठ्ठी ठरविते. चिठ्ठीला वशिला कळत नाही, म्हणून हा न्याय आम्हांस मान्य आहे. २०१७ साली मुंबईत गिरगावच्या उमेदवारांना समसमान मते पडली, तेव्हा तेथील कौलही चिठ्ठीनेच दिला. परंतु खरी कसोटी चिठ्ठी निघाल्यावरच लागते. जागा राखीव होताच कित्येकदा मावळत्या नगरसेवकाच्या पत्नीचे नाव पुढे येते आणि कारभार पतिराजच हाकतात! चिठ्ठीने उघडलेले दार घरातल्यानेच अडवावे, ही कायद्याची विटंबना होय. पक्षांनी कर्तबगार स्त्रियांनाच उमेदवारी द्यावी. न दिल्यास मतदारांनी जाब विचारावा. तो विवेक सोडतीत निघत नसतो!