बोटीचे छिद्र आणि श्रमविभागणी

यंत्राचा भाग स्वतःच्या हाताने बसविणाऱ्या मनुष्यास आपला सुशिक्षित समाज हौशी तरी म्हणतो, नाही तर चिक्कू तरी. लहान बोटीला ट्रिम टॅब बसविण्याचे काम पाहिले, तर हे दोन्ही शिक्के अपुरे ठरतात.

ट्रिम टॅब म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीच्या तळाशी बिजागरीने जोडलेले दोन पत्रे. वेग घेताना बोटीची नाळ वर उचलली जाते. चालकास समोरचे दिसत नाही आणि इंधन वाया जाते. पत्रे खाली झुकविले की पाण्याच्या दाबाने पिछाडी उचलली जाते व नाळ खाली येते. एकच पत्रा झुकविल्यास कललेली बोट सरळ करता येते. संथ चालणाऱ्या जड होडीला त्यांचा फारसा लाभ नाही. मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांना नेणाऱ्या वेगवान फायबर बोटींसारख्यांना मात्र होऊ शकतो.

दिघीत राहणाऱ्या आम्हांस हे काम क्षुल्लक वाटेल. पत्रा कापणारा, छिद्र पाडणारा, वेल्डिंग करणारा असे निरनिराळे कारागीर शेजारच्या भोसरीत सहज भेटतात. लहान बंदरात तसे नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचा दाखला देऊन श्रमविभागणीचे गुण सांगितले, ते आमचे विद्यार्थी पाठ करतात. परंतु श्रमविभागणीची मर्यादा बाजारपेठेच्या विस्ताराने ठरते, हे त्याचेच पुढचे प्रतिपादन विसरले जाते. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील शेतकऱ्यास आपल्या घरापुरते खाटीक आणि भटारीही व्हावे लागते, असे त्याने दाखविले. मोजक्या बोटींच्या बंदरात तज्ज्ञाचे पोट भरत नाही. म्हणून मालकच हाती ड्रिल घेतो. ही हौस नव्हे, गरज आहे.

मात्र वाचलेल्या मजुरीबरोबर जोखीमही येते. अनेक फायबर बोटींच्या मागच्या फळीत आत प्लायवूड असते. पाण्याच्या रेषेखालील छिद्र सीलंटने नीट बुजविले नाही, तर पाणी आत मुरते आणि फळी कुजू लागते; बाहेरून काहीच दिसत नाही. बाहेर टांगलेल्या इंजिनाचा भार त्याच फळीवर असतो. पत्रे अवाजवी झुकविले तर वेगातली बोट सुकाणूस नीट दाद देत नाही. म्हणजे मजुरी वाचते मालकाची, आणि धोका पत्करतो तिकीट काढून बसलेला प्रवासी. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात.

यावर बंदी हा उपाय नव्हे; बंदीने काम थांबत नाही, चोरून होते. प्रथम बिनखर्चाचा मार्ग शिकवावा: इंधनाची टाकी, बॅटरी व माणसे यांची जागा बदलूनच पुष्कळदा तोल साधतो. त्यानंतरही गरज उरली, तर मराठीत स्पष्ट सूचना हव्यात, किनाऱ्यावरील आयटीआयमधून अल्प मुदतीचे वर्ग हवेत, आणि प्रवासी चढण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून तपासणी हवी. जेथे बाजारपेठ तज्ज्ञ पुरवू शकत नाही, तेथे निदान ज्ञान पुरविणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.