घारापुरीचा दिवस सूर्यास्तापासून उलटा मोजा



लग्नकार्याला किंवा मुलांकडे म्हणून आपलं मुंबईला जाणं होतंच. मग कुणीतरी म्हणतं, गेटवेहून बोटीने घारापुरीची लेणी बघून येऊ. लगेच दुसरी म्हणते, "आपला चौविहार, उकळलेलं पाणी, तिकडे कसं जमायचं?" आणि बेत बारगळतो. मला वाटतं, या सहलीचं सगळ्यात चांगलं वेळापत्रक आपल्या नियमांतूनच तयार होतं.

मी कॉमर्सची, म्हणून शेवटच्या आकड्यापासून मागे येते. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सूर्य सहानंतर थोड्याच वेळात मावळतो. साडेपाचला जेवण आटोपायचं तर चारपर्यंत गेटवेला परत यायला हवं. बोटीला साधारण तास लागतो, म्हणजे तिथून अडीच-पावणेतीनला निघायचं. लेणी बघणं, डबा खाणं आणि सुमारे १२० पायऱ्यांची चढउतार यांना चार-साडेचार तास धरा. म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास सुटणारी पहिली बोट गाठायची. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, तेव्हा आठच्या आसपास पारून आरामात निघता येतं. ऊन चढायच्या आत पायऱ्याही चढून होतात. गुडघे दुखत असतील तर डोली मिळते.

महिनाही ठरलेलाच आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, बोटींचा भरवसा नसतो; नेमका तेव्हा आपला चातुर्मास असतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर बेत करा. सोमवारी लेणी बंद असतात. सडक अर्जुनीहून गोंदिया गाठायचं, विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्र काढायची आणि उतरल्या उतरल्या बोटीत बसायचं, असं मात्र करू नका. आधी एक मुक्काम धर्मशाळेत किंवा नातलगांकडे करा.

डब्यात खाखरा, थेपले, कोरडी भाजी आणि सोबत आपलं पाणी. पिशवी उघडी ठेवू नका, बेटावर माकडं फार आहेत. कचरा परत आणा.

"आपलं तीर्थ नाही, मग कशाला?" असंही ऐकते. वेरूळला एकाच डोंगरात बौद्ध, हिंदू आणि आपली लेणी आहेत. तिथे आपण सगळीच बघतो ना? घारापुरीत सुमारे १८ फूट उंचीचा तीन मुखांचा सदाशिव डोंगराच्या पोटात कोरलाय, तोही जवळपास दीड हजार वर्षांपूर्वी. १९८७ साली ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिथल्या कितीतरी मूर्तींचे हातपाय तुटलेत. एवढा टणक दगडही टिकत नाही, हे डोळ्यांनी बघितलं की अनित्य भावनेवर वेगळं प्रवचन लागत नाही. ग्रीसमध्ये डेलॉस नावाचं असंच बेट आहे. तिथेही पर्यटक बोटीने जातात, भग्न देवळं बघतात आणि त्याच दिवशी परततात. जगभरातून माणसं त्यासाठी येतात. आपल्याला तर एका रात्रीची गाडी आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि दहाहून जास्त जीव गेले. म्हणून जायचं नाही, असं मी म्हणत नाही. पण बोटीत पाय ठेवताच लाइफ जॅकेट मागा, घाला आणि परत उतरेपर्यंत काढू नका. साडी चुरगळते, फोटो बिघडतो, वास येतो, ही कारणं मी बायकांच्याच तोंडून ऐकली आहेत. नवेगावबांधच्या तलावातही आपण ती चालवून घेतो. बोट खच्चून भरलेली दिसली तर "पुढच्या बोटीने येतो" म्हणायला लाजू नका. पुरुषमंडळी हसली तर हसू द्या.

आपण पाणी गाळून घेतो, दिव्यावर झाकण ठेवतो, किडामुंगीला जपतो. यालाच जयणा म्हणतो. त्या जिवांच्या यादीत आपलं आणि शेजारी बसलेल्या नातवंडाचंही नाव आहे. बोटीत लाइफ जॅकेटचा बंद बांधणं ही जयणाच आहे, असं मी मानते.