लाठीमारानंतरचे पहिले दोन दिवस

११ जुलै १९९७ च्या सकाळी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. वस्ती रस्त्यावर आली आणि पूर्व द्रुतगती महामार्ग अडला. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळ्या झाडल्या. दहा माणसे गेली. पोलिसांचे म्हणणे असे, की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता आणि टँकर पेटले असते तर सगळा परिसर बेचिराख झाला असता. ऐकणाऱ्याला चटकन पटावे असे हे कारण होते. न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांच्या आयोगापुढे मात्र ते टिकले नाही. गोळीबार समर्थनीय नव्हता, असा निष्कर्ष आयोगाने काढला. तुकडीचा उपनिरीक्षक मनोहर कदम याला २००९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला.

बारा वर्षे लागली आणि जबाबदारी एका उपनिरीक्षकाच्या वर चढली नाही. तरीही महाराष्ट्रात असा निकाल विरळाच. वस्तीतली माणसे, ज्यांचे हातावर पोट, ती रोजंदारी बुडवून साक्षी द्यायला जात राहिली, म्हणून प्रकरण तिथवर पोचले. याच्या उलट नागपूर. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळावर निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मेले. त्यांत बायका आणि लहान मुले मोठ्या संख्येने होती. न्यायमूर्ती दाणी आयोग बसला, पण दोष कुणावरच निश्चित झाला नाही. ११४ मृत्यू आणि दोषी एकही नाही!

म्हणून हे आवाहन आहे. ते मोर्चाला जाणाऱ्यांना आहे, गॅलरीतून मोर्चा पाहणाऱ्यांना आहे, जखमींना दवाखान्यात पोचवणाऱ्या रिक्षावाल्यांना आहे आणि तिथल्या डॉक्टर-वकिलांनाही आहे. आंदोलनावर पोलिसांनी बळ वापरले, तर पुढचे दोन दिवस सर्वांनी पुरावा जपण्यासाठी द्यावेत. निषेधाच्या सभा नंतरही घेता येतात. अंगावरचा वळ आणि कॅमेऱ्यातले चित्रण थांबत नाही.

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार बेकायदा जमावाला, किंवा शांतता बिघडवण्याची शक्यता असलेल्या पाच किंवा अधिक लोकांच्या जमावाला, पांगण्याचा हुकूम देता येतो. तो कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने द्यायचा असतो. ठाणे प्रमुख नसेल तर निदान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी हवा. जमाव हलला नाही तर बळ वापरता येते, पण पांगवण्यापुरते. पळणाऱ्याच्या पाठीत किंवा खाली पडलेल्याच्या डोक्यात बसलेली काठी कुणालाही पांगवत नाही. ती शिक्षा होते, आणि शिक्षा देणे पोलिसांचे काम नाही. दिल्लीच्या रामलीला मैदानात जून २०११ मध्ये मध्यरात्री झोपलेल्या आंदोलकांवर झालेल्या कारवाईबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पोलिसांना दोषी धरले आणि भरपाई द्यायला लावली. आयोजकांच्याही चुका न्यायालयाने नोंदवल्या. अनिता ठाकूर खटल्यात २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की सुरुवात आंदोलकांच्या दगडांनी झाली असली तरी परिस्थिती आटोक्यात आल्यावर मारहाण चालू ठेवता येत नाही.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण 'आधी दगड कुणी मारला' या वादातच बहुतेक प्रकरणे विरून जातात. दगडाने पोलिसांचीही डोकी फुटतात. बंदोबस्ताला बारा-बारा तास उभ्या असलेल्या शिपायाची जखमही खरी जखम असते. दगड मारणाऱ्यावर नावानिशी गुन्हा दाखल व्हावा. पण एकाच्या दगडासाठी गावातल्या म्हाताऱ्यांना आणि बायाबापड्यांना झोडपायचा परवाना मिळत नाही. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. तीन दिवसांनी तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली, पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवले गेले. माफी मागितली हे बरेच झाले. पण माफी म्हणजे तपास नव्हे, आणि रजा म्हणजे कारवाई नव्हे.

आता दोन दिवसांत करायचे काय, ते.

जखमीने, जखम किरकोळ वाटली तरी, सरकारी रुग्णालयात जावे आणि एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करूनच घ्यावी. केसपेपरवर 'पडून लागले' असे लिहू देऊ नये. कशाने मारले, कुठे, किती वाजता, हे डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगावे. काठीचा नेमका फटका बसला की कातडीवर रुळांसारख्या दोन समांतर लालसर रेघा उमटतात आणि मधली जागा फिकी राहते. न्यायवैद्यक जाणणाऱ्याला त्यावरून हत्याराचा आकार कळतो. चार-पाच दिवसांत वळ हिरवट-पिवळा पडतो, रेघा पुसट होतात, आणि मग तो घसरून पडल्याचा आहे असे कुणीही म्हणू शकते. म्हणून त्याच दिवशी शेजारी पट्टी धरून फोटो काढावा. रक्ताचा शर्ट धुऊ नये. तो वाळवून कागदी पिशवीत ठेवावा.

मोबाइलवर चित्रण केलेल्यांनी मूळ फाइल त्याच फोनमध्ये तशीच राहू द्यावी आणि एक प्रत दुसरीकडे ठेवावी. व्हॉट्सॲपवरून फिरलेला व्हिडिओ लहान होतो, त्यातली वेळेची माहिती गळते. त्यावर गाणे किंवा मजकूर चढवला की न्यायालयात त्याची किंमत आणखी घटते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते ज्याचा फोन आहे त्याच्याकडूनच नीट मिळते. मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनावर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तीन जण गेले. तेव्हा बंदूक रोखलेले पोलीस राज्याने पाहिले ते वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांमुळे. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तो पोलिसांच्या अंगावर धावून जाण्यासाठी वापरू नये. दूर उभे राहून, न बोलता चित्रण करावे. छातीवरची नावपट्टी, गाडीचा क्रमांक आणि हुकूम कोण देतो आहे, एवढे आले तरी पुष्कळ.

ठाण्यात नेलेल्यांच्या नातलगांनी पहिला प्रश्न अटकेच्या पंचनाम्याचा विचारावा. अटकेचे कारण सांगणे, नातलगाला कळवणे, वैद्यकीय तपासणी आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, ही पोलिसांची मेहेरबानी नाही. दंडाधिकाऱ्याने विचारले तर मारहाण झाल्याचे तिथेच सांगावे. न विचारताही सांगावे. पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण अठरा महिने जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सांगितले आहे. ते चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज पोलीस अधीक्षकांकडे लगेच द्यावा आणि पोच घ्यावी.

या कागदांचे वजन परभणीने दाखवले. तिथे डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद हिंसक झाला, धरपकड झाली. अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. सरकारने विधानसभेत मारहाण नाकारली आणि आजाराकडे बोट दाखवले. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे आलेल्या आघाताची नोंद होती. सोमनाथच्या आईने माघार घेतली नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा दाखल करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही तो आदेश कायम राहिला. नुसते तोंडी आरोप असते तर ते प्रकरण विधानसभेतल्या उत्तरावरच संपले असते.

तक्रार कुठे करावी? ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर ती पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवावी, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जाता येते. गंभीर दुखापत, बेकायदा अटक आणि कोठडीतल्या मृत्यूसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. प्रकाश सिंग खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशातून ते आले आणि अजूनही फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. पुढची अडचण पूर्वपरवानगीची. जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल खटला भरायला सरकारची मंजुरी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ खालच्या मंजुरीसाठी आता १२० दिवसांची मर्यादा आहे आणि तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाल्याचे मानले जाते. मात्र जमावाविरुद्धच्या कारवाईला कलम १५१ चे वेगळे संरक्षण आहे, त्यात अशी मुदत नाही. ती घालावी, ही मागणी प्रत्येक संघटनेच्या निवेदनात असायला हवी.

जिल्ह्याजिल्ह्यातल्या वकील संघांनी मोठ्या आंदोलनाच्या दिवशी ठाण्याबाहेर बसणाऱ्या दोन वकिलांची नावे आधी जाहीर करावीत. आमदारांना मतदारांनी एक प्रश्न जरूर विचारावा. चौकशी आयोगाचा अहवाल कृती अहवालासह सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावा, असे १९५२ च्या कायद्यातच लिहिले आहे. आपल्या जिल्ह्यातल्या गोळीबाराचा अहवाल कधी मांडला गेला, त्यावर सरकारने काय केले, आणि सभागृहात तो प्रश्न कुणी विचारला, हे त्यांनी लेखी कळवावे.