परतीच्या पावसाची वर्दी

हस्त नक्षत्र निम्मे सरले आणि दसरा तोंडावर आला, की धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी आभाळाकडे दोन मनांनी पाहू लागतो. एका मनाला पाऊस हवा असतो. मोकळ्या ठेवलेल्या काळ्या रानात शाळूची पेर व्हायची असते, हरभऱ्यासाठी ओल हवी असते, विहिरीला अजून दोन परस पाणी चढावे असे वाटत असते. दुसऱ्या मनाला मात्र पाऊस अजिबात नको असतो, कारण शेजारच्याच वावरात कापलेले सोयाबीन उघड्यावर पडलेले असते. एकाच माणसाने एकाच आठवड्यात एकाच पावसाची प्रार्थना करावी आणि त्याला शापही द्यावा, असा हा पेच आहे. हवामान खात्याच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हे तीन शब्द छापले जातात, तेव्हा ते या पेचात पडलेला माणूस वाचत असतो, याची आठवण ठेवायला हवी.

हा पाऊस येतो कोठून, ते आधी पाहू. जूनचा पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीवर बराचसा रिता होऊन बालाघाटाच्या पठारापर्यंत पोहोचतो. पर्जन्यछायेच्या या मुलखाला त्याची उरलीसुरली शिदोरी मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस उलट्या वाटेने येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, आंध्रच्या किनाऱ्यावर चढतो आणि तेलंगण ओलांडून पश्चिमेकडे सरकतो. त्याच्या वाटेत सह्याद्रीसारखी भिंत नाही. जमिनीवर आल्यावर वाऱ्याचा जोर ओसरतो, पण पोटातले पाणी ओसरत नाही. उमरगा-लोहाऱ्यापासून परंड्यापर्यंतचा सारा जिल्हा मग एकदोन दिवसांत त्याच्या तडाख्यात येतो. विजांचा कडकडाट, संध्याकाळची काळी भिंत आणि तासाभरात ओढ्याला येणारे पाणी, हे या पावसाचे जुनेच रूप आहे.

2020 साल आठवून पाहावे. 13 ऑक्टोबरला सकाळी बंगालच्या उपसागरातले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आले. त्याने हैदराबाद बुडवले आणि पुढच्या दिवशी ते सोलापूर-उस्मानाबादवर होते. (जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते, धाराशिव हे 2023 मध्ये झाले.) सोयाबीनच्या बनिमी पाण्यावर तरंगल्या, शेंगांना झाडावरच मोड आले, ओढ्याकाठची माती खरवडून गेली. पाठोपाठ शरद पवार आले, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आले. तुळजापूर तालुक्यातल्या बांधांवर त्या आठवड्यात सारे राज्य गोळा झाले होते. 23 ऑक्टोबरला 10 हजार कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. शेतकऱ्याच्या वाट्याला पिकासाठी हेक्टरी 10 हजार आले, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत.

पुढच्याच वर्षी, 26 सप्टेंबर 2021 रोजी, ‘गुलाब’ चक्रीवादळ कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आदळले. त्याचे अवशेष दोन दिवसांत मराठवाड्यावर आले, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. तेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ या नव्या नावाने ओमानकडे गेले. 2025 च्या सप्टेंबरात तर भूम-परंडा हा जिल्ह्यातला कोरडा समजला जाणारा भाग पुराखाली गेला आणि माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. 7 ऑक्टोबर 2025 रोजी सरकारने 31 हजार 628 कोटींची मदत जाहीर केली. सहा वर्षांत तीनदा असे घडले, तर त्याला अपवाद म्हणण्याची सोय राहत नाही.

निसर्ग बदलला हे खरेच आहे. उबदार समुद्रावरची हवा अधिक बाष्प धरते आणि कोसळते तेव्हा थोड्या वेळात अधिक कोसळते. पण सारा दोष आभाळावर टाकून भागणार नाही. जमिनीवरही काही बदलले आहे. एके काळी हा जिल्हा प्रामुख्याने रब्बीचा होता. खरिपात मूग, उडीद, तूर घ्यायची आणि भारी रान पावसाळाभर कुळवून शाळूसाठी राखायचे, ही येथली रीत. हत्तीचा पाऊस म्हणजे त्या शाळूचे भांडवल होते, आणि स्वातीचा पाऊस पडला तर मोती पिकतात, असे लोक म्हणत ते त्या पीकपद्धतीच्या हिशेबाने. नव्वदच्या दशकानंतर सोयाबीन आले. शंभर-सव्वाशे दिवसांत हातात रोख पैसा, तेल गिरण्यांची मागणी आणि दिवाळीच्या तोंडावर उधारी फेडण्याची सोय. शेतकऱ्याने ते स्वीकारले यात त्याचे काही चुकले नाही. परंतु जूनअखेर पेरलेले सोयाबीन नेमके हस्त-चित्रात कापणीला येते. पूर्वी ज्या पंधरवड्यात पाऊस यावा अशी इच्छा असे, त्याच पंधरवड्यात आता जिल्ह्याची वर्षाची कमाई उघड्यावर पडलेली असते.

अशा वेळी अंदाजाचे मोल कापणीच्या मजुरीइतकेच रोकडे होते. हवामान खात्याची थट्टा करणे ही आपली जुनी करमणूक. पुण्याच्या ‘सिमला ऑफिस’ने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद दोन पिढ्यांनी ऐकला आहे. हा विनोद आता शिळा झाला. उपग्रह, रडार आणि संगणकाची प्रारूपे यांमुळे उपसागरातल्या अशा प्रणालीची चाहूल तीन-चार दिवस आधी लागते आणि तिची वाटही बऱ्यापैकी सांगता येते. दुखणे आता निराळे आहे. अंदाज जिल्ह्याच्या नावाने येतो आणि नकाशावर एक रंग भरून थांबतो. परंडा आणि उमरगा यांच्यात सव्वाशे किलोमीटरचे अंतर आहे. दोघांना एकच नारिंगी रंग. शिवाय त्या रंगाचा अर्थ कापणी थांबवा असा, की रात्रभर दिवे लावून मळणी उरका असा, हे त्यातून कळत नाही.

हा अर्थ सांगण्याची सोय काही प्रमाणात होती. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, कृषी हवामान सल्ला निघतो. त्याच्या जोडीला देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांत 199 जिल्हा कृषी हवामान एकके सुरू झाली होती. तालुक्याचे हवामान पाहून त्या भाषेत सल्ला देणारा एक माणूस तेथे बसत असे. 2024 च्या सुरुवातीला केंद्राने ही एकके गुंडाळण्याचा आदेश काढला. आता सगळे यंत्रानेच कळते, असा युक्तिवाद त्यामागे होता. यंत्राला पावसाचे मिलिमीटर कळतात. पण अमुक गावात कापणी झाली आहे आणि मळणी व्हायची आहे, हे गावाशी बोलणाऱ्या माणसालाच कळते.

समजा, वर्दी वेळेवर आली आणि तिचा अर्थही कळला. पुढे काय? दोन एकरांचे सोयाबीन कापून पडले आहे आणि हाताशी तीन दिवस आहेत. मळणी यंत्र गावात एक किंवा दोन, आणि त्या तीन दिवसांत सगळ्यांनाच ते हवे असते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर दर दुप्पट सांगतात. ताडपत्री घ्यायला बाजारात जावे तर तिचाही भाव चढलेला. घाईने ओल्या शेंगांची मळणी केली तर दाणा फुटतो, आणि आडतीवर ओलावा 12 टक्क्यांच्या वर भरला की भाव तुटतो. ज्याच्या घरी ट्रॅक्टर, शेड आणि चार माणसे आहेत, त्याला अंदाज उपयोगी पडतो. बाकीच्यांना तो फक्त काळजी तीन दिवस आधी देऊन जातो. अंदाज सर्वांना सारखा मिळतो, त्याचा फायदा मात्र ऐपतीप्रमाणे मिळतो. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे.

वादळ येण्याआधीचे बहात्तर तास असे गेले, की वादळानंतरचे बहात्तर तास सुरू होतात. पंतप्रधान पीकविमा योजनेत कापून शेतात पसरलेल्या पिकाला चौदा दिवसांपर्यंत संरक्षण आणि नुकसानीची सूचना बहात्तर तासांत देण्याची अट, अशी तरतूद केलेली होती. 2020 मध्ये वीज गेलेली, रस्ते तुटलेले, मोबाइल बंद पडलेले, अशा अवस्थेत ही अट पाळायची होती. सूचना वेळेत आली नाही म्हणून जिल्ह्यातल्या लाखो शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. पंचनामे सरकारी यंत्रणेनेच केलेले होते, तरीही. शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले आणि मे 2022 मध्ये साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश झाला; वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. तीन दिवसांच्या अटीसाठी दीड वर्षाहून अधिक काळ न्यायालयात घालवावा लागला, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

2025 च्या खरिपात राज्याने एक रुपयाची योजना बंद केली आणि काढणीपश्चात नुकसानीसह अनेक जोखमी वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर ठेवली. कापणी प्रयोग उभ्या पिकावर होतो. ते पीक चांगले भरले आणि आठवड्याने त्याच शिवारातल्या बनिमी भिजून कुजल्या, तर कागदावर उत्पादन उत्तम आणि घरात दाणा नाही, अशी अवस्था होते. ज्या जिल्ह्याचे खरे संकट कापणीनंतर येते, तेथे कापणीपर्यंतचाच विमा देणे म्हणजे पावसाळा संपल्यावर छत्री देण्यासारखे आहे.

वादळ निघून गेल्यावरचा अंदाज तर कोणी सांगतच नाही. खऱ्या अर्थाने थंड हवेची आघाडी आपल्याकडे क्वचितच पोहोचते. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ हिमालयावर बर्फ टाकून पुढे जातो आणि त्याच्या मागून कोरडे उत्तरी वारे दक्षिणेकडे वाहू लागतात. पाऊस गेलेला, आभाळ निरभ्र, रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाणारी. बालाघाटाच्या माथ्यावर मग पहाटे अंगावर काटा येतो. ही थंडी शाळूला आणि हरभऱ्याला मानवते. पण वाफसा केव्हा येईल, पेरणीला किती दिवस मिळतील, थंडीत पुन्हा ढग येऊन हरभऱ्यावर घाटेअळी पडेल का, ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागेत डावणीची फवारणी केव्हा करावी, हेही अंदाजच आहेत. खरीप बुडालेल्या शेतकऱ्याला रब्बी सावरायची असते. त्याला पुढच्या पंधरा दिवसांचे हवामान मदतीच्या चेकइतकेच गरजेचे असते.

उपाय फार मोठे नाहीत. दर मोठ्या गावात सामाईक मळणी यंत्र आणि पत्र्याची उघडी शेड, गावच्या विकास सोसायटीकडे भाड्याने ताडपत्र्या, बाजार समितीत वाळवणीची जागा, हे रोजगार हमी आणि जिल्हा नियोजनाच्या पैशांत बसू शकते. रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी केली तर जादा पाणी निघून जाते आणि खंड पडला तर ओल टिकते, हे अनेक शेतांत दिसले आहे. थोडे रान पुन्हा शाळूसाठी राखले तर सगळी कमाई एका पंधरवड्यावर टांगली राहणार नाही. पण त्यासाठी शाळूलाही भाव आणि खरेदीची हमी हवी. काढणीनंतरच्या नुकसानीचे विमा संरक्षण परत आणले पाहिजे. महसूल मंडळांत पर्जन्यमापक यंत्रे बसवलेलीच आहेत. मंडळात 65 मिलिमीटरवर पाऊस झाला की तीच सूचना मानावी. शेतकऱ्याने वेगळा फोन कशाला करायचा?

मार्गशीर्षातल्या अमावस्येला धाराशिव-लातूरकडे येळवस असते. कडब्याच्या कोपीत पूजा मांडली जाते आणि आंबील-भज्जीच्या पंगतीला गावातली घरे रिकामी होऊन सारे शिवारात जमतात. तो सण उभ्या शाळूचा, म्हणजे पर्यायाने ऑक्टोबरच्या पावसाचाच. या पावसाचे आभार मानणारा सण ज्या मुलखात आहे, तेथे त्याच पावसाच्या नावाने धडकी भरावी, ही अवस्था नैसर्गिक म्हणता येणार नाही. पाऊस यायचा तसा येईल. वर्दी आल्यापासूनच्या तीन दिवसांत गावाच्या हाती काय असावे, हे मात्र आपण ठरवू शकतो, आणि ते पुढच्या हस्ताच्या आत ठरवले पाहिजे.