कलामंदिर गेले, गाळे उभे राहिले!

टिळकवाडीत कलामंदिर होते. आता तेथे व्यापारी संकुल आहे. बेळगावच्या अलीकडच्या प्रगतीचा इतिहास कोणास दोनच वाक्यांत सांगावयाचा असेल, तर ही दोन वाक्ये त्यास पुरेशी आहेत. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने 'स्मार्ट सिटी' म्हणून देशातील पहिली वीस शहरे निवडली. त्यांत बेळगावचे नाव झळकले, तेव्हा शहरात आनंदीआनंद झाला. रस्ते खणले गेले, दिव्यांचे खांब उभे राहिले, आणि त्याच योजनेच्या ओघात कलामंदिराची जुनी वास्तू जमीनदोस्त होऊन तिच्या जागी बहुउद्देशीय व्यापारी संकुल आले. बहुउद्देशीय! या शब्दाच्या पोटात जगातील यच्चयावत उद्देश मावतात. ज्या एका उद्देशासाठी ती जागा लोकांच्या तोंडी कलामंदिर म्हणून रुळली, तोच तेवढा त्यात मध्यभागी दिसत नाही.

आमच्या म्हणण्याचा कोणी विपर्यास करू नये. व्यापाराशी आमचे वैर नाही. बेळगाव आणि निपाणी ही गावे व्यापारावर वाढली. गणपत गल्लीत आणि खडे बाजारात उन्हातान्हात उभा राहणारा दुकानदार हा या सीमाभागाचा कणा आहे. परंतु ज्या शहरात गाळे बांधावयास शेकडो जागा आहेत, त्या शहरात गाळ्यांसाठी नेमके कलामंदिरच का सापडावे? जुनी वास्तू मोडकळीस आली असेल तर ती पाडण्यासही आमची हरकत नाही. हरकत आहे ती देवळाचा जीर्णोद्धार म्हणून वर्गणी मागून सभामंडपात बाजार भरविण्याला.

कलेसाठी जागा मागण्याचा हक्क बेळगावला कोणी दिला, असे विचारणाऱ्यांना आम्ही या मातीचा इतिहास वाचावयास सांगू. मराठी संगीत रंगभूमीचा पाया ज्यांनी घातला ते अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. १९२४ साली सुळेभावीच्या एका कन्नड घरात जो मुलगा जन्मला, त्याला अवघा देश कुमार गंधर्व म्हणून ओळखतो. के. बी. कुलकर्णी यांनी या गावात राहून चित्रकलेच्या कित्येक पिढ्या घडविल्या. त्यांच्या शिष्यांपैकी रवी परांजपे यांची चित्रे साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. इंदिरा संतांची कविता याच गावात फुलली, आणि जी. ए. कुलकर्णींच्या कथांमागेही हीच माती आहे.

पण या नामावळीतील बहुतेकांच्या आयुष्याकडे पाहा. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली रंगमंचावर आले ते पुण्यात. कुमारांना मुंबईने शिकविले आणि देवासने सांभाळले. परांजपे यांची कारकीर्द बहरली ती बेळगावबाहेर, आणि २०२२ साली त्यांनी देह ठेवला तो पुण्यात. बाळंतपण आमच्या घरी आणि बारसे दुसऱ्याच्या दारी, हा बेळगावचा नेम झाला आहे. आजही चित्रकला वा शिल्पकला यांवर पोट भरू पाहणारा येथील तरुण ट्रंक उचलून कोल्हापूरची, पुण्याची किंवा पणजीची गाडी पकडतो, आणि मग सणासुदीला पाहुणा म्हणून गावी येतो. जे गाव आपल्या गुणी मुलांना पाहुणे करून सोडते, त्याने स्वतःस 'स्मार्ट' म्हणवून घ्यावे, यासारखा विनोद नाही.

येथे काही शहाणे पुढे सरसावतील आणि म्हणतील, बेळगावात सभागृहे थोडी का आहेत? कुमार गंधर्वांच्या नावाचे सरकारी रंगमंदिर आहे. कोनवाळ गल्लीत लोकमान्य रंगमंदिर आहे. वरेरकर नाट्य संघाने के. बी. कुलकर्णींच्या नावे कलादालन चालविले आहे. आहेत, आणि ज्यांनी ती उभारली व जपली त्यांना आम्ही मनःपूर्वक धन्यवाद देतो. विशेषतः नाट्य संघासारखी संस्था सरकारी तिजोरीकडे डोळे न लावता हे व्रत चालविते, तेव्हा मस्तक नम्र होते. परंतु सभागृह ही तयार झालेली कला दाखविण्याची जागा आहे. ती तयार कोठे व्हावयाची? पंगत वाढावयास मांडव आहे, पण स्वयंपाकघर नाही, अशी ही अवस्था आहे.

समकालीन कलाकेंद्र म्हणजे हे स्वयंपाकघर. समकालीन या शब्दाने कोणी बिचकू नये. आजच्या माणसाने आजच्या आयुष्याविषयी, त्याला सुचेल त्या साधनाने केलेली कला, एवढाच त्याचा अर्थ. ती कॅनव्हासवर असेल, दगडात असेल, जुन्या छायाचित्रांची असेल, पडद्यावर हलणाऱ्या चित्रांची असेल, किंवा साऱ्या खोलीभर मांडलेली असेल. अशा केंद्रात चित्रकाराला भिंती आणि उजेड लागतो, शिल्पकाराला धूळ उडविण्याची मुभा लागते, छापचित्रे काढणाऱ्याला यंत्र लागते, नाटकवाल्यांना तालमीसाठी रिकामी खोली लागते, आणि गावाला आत येऊन हे सारे पाहण्याची, प्रश्न विचारण्याची, वेळप्रसंगी नाक मुरडण्याचीही सोय लागते.

या कामाला बेळगावाइतके सोयीचे गाव दुसरे शोधून सापडणार नाही. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत. धातू वितळविणे आणि साच्यात ओतणे हे तेथील कामगाराच्या हातचे काम आहे, आणि शिल्पकाराला याहून दुसरे काय हवे असते? शहापूर-वडगावात मागावर बसणारा विणकर आहे. गणेशोत्सवापूर्वी महिनोन्‌महिने माती मळणारे मूर्तिकार गल्लोगल्ली आहेत. या तिघांना आणि कलाशाळेतून बाहेर पडलेल्या तरुणाला एका छपराखाली आणले, तर जे निर्माण होईल ते मुंबईच्या किंवा दिल्लीच्या दालनांची उसनवारी नसेल. त्यावर या मातीचा शिक्का असेल.

आता पैशाची रड. तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. सीमाभागावरील हक्काचा खुंटा बळकट करण्यासाठी कर्नाटक सरकारने याच शहराच्या वेशीवर कोट्यवधी रुपये ओतून सुवर्ण विधानसौध बांधला. २०१२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या अवाढव्य वास्तूत विधिमंडळाचे अधिवेशन भरते ते वर्षाकाठी मोजके दिवस. ज्यांना यासाठी पैसा सापडला, त्यांना कलावंतांच्या चार खोल्यांसाठी सापडू नये?

शिवाय कलाकेंद्राला संगमरवर लागतो, ही समजूतच खोटी आहे. आपल्या देशातील आधुनिक कलेचे एक मोठे घर म्हणजे मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाईंच्या बंगल्यात चाललेली संस्था. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत तेथील नाममात्र भाड्याच्या खोल्यांत हुसेन आणि गायतोंडे चित्रे काढीत. अल्काझींच्या नाटकमंडळींचा वावर तेथेच होता. चित्रकार नटाला भेटत होता, नट वादकाला भेटत होता. खर्च किती? एका जुन्या घराचा. पुढे तो बंगला पाडून तेथे टोलेजंग इमारत झाली, आणि तसे घर मुंबईला पुन्हा काही मिळाले नाही. टिळकवाडीच्या रहिवाशांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जागा गेली की नुसती जागा जात नाही. तिच्यात होऊ घातलेल्या भेटी जातात.

त्याच मुंबईत काळा घोडा भागात सर कावसजी जहांगीर हॉल ओस पडला होता. कलावंत आणि कलाप्रेमी नागरिक वर्षानुवर्षे मागे लागले, तेव्हा १९९६ साली त्याचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झाले. केरळात कोचीला समुद्रकाठी मसाल्याच्या व्यापाऱ्यांची जुनी गोदामे होती. २०१२ पासून त्यांच्यातच जगभरच्या कलेचे द्वैवार्षिक प्रदर्शन भरू लागले आणि त्या पडक्या भिंती पाहावयास देशोदेशीचे लोक येऊ लागले.

कोचीच्या गोदामांचे नाव घेताच निपाणीकरांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या तंबाखूच्या वखारी उभ्या राहतील. राहाव्यातच. याच वखारींतून बायाबापड्यांनी तंबाखूच्या धुळीत आयुष्ये काढली. १९८१ साली तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर याच निपाणीच्या रस्त्यावर गोळ्या चालल्या आणि बळी पडले. पिठाची गिरणी चालविता चालविता महादेव मोरे यांनी याच माणसांच्या कथा-कादंबऱ्या लिहिल्या. अशा एखाद्या रिकाम्या वखारीत या कष्टांची छायाचित्रे, त्या बायांचे बोल, त्या आंदोलनाची स्मृती आणि त्यावर आजच्या कलावंतांनी केलेले काम मांडले, तर त्यापुढे परगावचा पाहुणाही नतमस्तक होईल. निपाणीला कला बाहेरून आणावयाची गरज नाही. दार उघडण्याची आहे.

केवळ इमारत बांधून मात्र भागत नाही. आमच्या दोन्ही अंगांच्या शेजाऱ्यांनी अलीकडेच हे भोगले आहे. पणजीच्या कला अकादमीची वास्तू चार्ल्स कोरिया यांच्या प्रतिभेतून साकारलेली. नूतनीकरण चालू असताना २०२३ च्या जुलैत तिच्या खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरला दिलेले आणि १९१५ पासून उभे असलेले केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. कलेच्या वास्तूला रोज जागता मालक लागतो, हा त्यातला धडा आहे. तो मालक म्हणजे कचेरीतील फाइल नव्हे. म्हणून बेळगावच्या केंद्राच्या कारभारात कलावंत आणि नागरिक यांना मताचा अधिकार असलाच पाहिजे.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि तो आम्ही टाळणार नाही. २०२४ साली कर्नाटक सरकारने कायद्यात दुरुस्ती करून दुकाने व आस्थापनांच्या फलकांवर साठ टक्के जागा कन्नडला देणे बंधनकारक केले. त्यांच्या कायद्याचा हिशेब आम्ही त्यांनाच घालतो : उरलेले चाळीस टक्के कोणाचे? दुकानाच्या पाटीवर जी जागा शिल्लक राहते, ती कलाकेंद्राच्या दारावर मराठीला का मिळू नये? संविधानाच्या २९ व्या कलमाने आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क प्रत्येक समाजाला दिला आहे. तो हक्क बेळगावच्या वेशीवर ठेवून आत यावे, असे त्या कलमात कोठेही लिहिलेले नाही. कन्नड पुसा, असे आम्ही म्हणत नाही. कन्नड कलावंताला या केंद्रात मानाचे पान असावे. उडुपीजवळच्या गावाहून आलेल्या के. के. हेब्बार यांना मुंबईने आपले म्हटले. त्यांच्यासारख्यांच्या आग्रहातूनच १९५२ साली जहांगीर कलादालन उभे राहिले. त्या दालनाच्या दारात कोणी त्यांची मातृभाषा विचारली नाही. मुंबईने हेब्बारांना जे दिले, तेच बेळगावने आपल्या मराठी मुलांना द्यावे, एवढीच ही मागणी आहे. ती जास्त आहे, असे म्हणणाऱ्याने तसे उघड बोलून दाखवावे.

तेव्हा महानगरपालिकेला आमचे रोखठोक सांगणे असे. शहराच्या मध्यवस्तीत, बसने आणि पायी येता येईल अशा ठिकाणी, आपल्या मालकीची एक जुनी इमारत समकालीन कलाकेंद्रासाठी राखून ठेवावी. तेथील खोल्यांचे भाडे शिकाऊ कलावंताला परवडेल इतकेच असावे. लग्नकार्ये, सेल आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांना तेथे मज्जाव असावा. पाटी, माहितीपत्रके आणि चर्चा कन्नडप्रमाणेच मराठीतही असाव्यात. आणि टिळकवाडीच्या संकुलात कलेसाठी नेमकी किती जागा राखली आहे, ती कोणाला, कोणत्या दराने मिळते, हे फलकावर लिहून लोकांपुढे टांगावे. जागा असेल तर दिसेल; नसेल तर तेही दिसेल.

पण सारा भार पालिकेवर टाकून जनतेने हात झटकणेही बरे नव्हे. नगरसेवक मते मागावयास दारी येतो तेव्हा गटाराचा प्रश्न विचारला जातो, नळाचा विचारला जातो. कलामंदिराचा कोणी विचारत नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे. आता तो विचारा. व्यापाऱ्यांनी आपल्या वर्गण्यांतील एक हिस्सा या कामाकडे वळवावा. शिक्षकांनी मुलांना वर्षातून एकदा तरी के. बी. कुलकर्णी कलादालनात न्यावे. ज्यांच्या परसात रिकामी वखार वा जुना वाडा धूळ खात पडला आहे, त्यांनी दोन वर्षांपुरती तरी किल्ली एखाद्या तरुण चित्रकाराच्या हाती द्यावी.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. त्यासाठी चाललेला लढा चालूच राहील. पण मुलांचे वय कोणत्याही न्यायालयात तहकूब होत नाही. दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेले मूल आज विशी ओलांडून गेले आहे. त्याच्या हातात कुंचला असेल, तर तो चालवावयास त्याला आज जागा हवी आहे. ती आपण दिली नाही, तर उद्या निकाल आपल्या बाजूने लागला तरी गुलाल उधळावयास तो येथे नसेल; पुण्याच्या कोठल्या तरी भाड्याच्या खोलीत बसून तो ती बातमी वाचेल. बेळगावकरांनो, निपाणीकरांनो, गाळे पुष्कळ झाले. आता एक खोली कलेसाठी मागा, आणि ती मिळेपर्यंत उंबऱ्यावरून हलू नका!