वासाचे पैसे वेगळे

लहानपणी ऐकलेली एक गोष्ट. एक गरीब माणूस मिठाईच्या दुकानासमोर बसून नुसत्या वासावर कोरडी भाकरी खातो. दुकानदार वासाचे पैसे मागतो. न्यायाधीश नाणी खुळखुळवून म्हणतो, "वासाचे पैसे आवाजात मिळाले. जा घरी!" या निकालावर आमचा इतका विश्वास, की वासाचं कधी बिल येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. परवा ते आलं.

झालं काय, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला भाच्यानं आम्हां उभयतांना एका नव्या हॉटेलात नेलं. तिथं म्हणे नुसतं जेवण नसतं, 'सुगंधानुभव' असतो. वेटर एक काचेचं झाकण घेऊन आला. झाकणात धूर. धुरात काहीतरी. "सर, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या." घेतला. ठसका लागला. डोळे पुसून पाहतो तो समोर एकुलता एक दहीवडा! "आंब्याच्या लाकडाचा धूर आहे, सर." आमच्या आईच्या स्वयंपाकात पदार्थ धुरकटला, तर ती तो पाहुण्यांपुढे ठेवत नसे. इथं धुराचे वेगळे पैसे.

मग कांदाभजी आली. त्याआधी आमच्या डोक्यावर एका बाटलीतून फवारा: 'पहिला पाऊस'! हे मातीचं अत्तर. कनौजला भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवून ते करतात. वस्तू मोठी गोड. पण पाऊस आला म्हणून भजी तळतात, भजी तळली म्हणून पाऊस पाडत नाहीत. सौभाग्यवतींनी एक भजं तोडलं, हुंगलं आणि निकाल दिला, "ह्यात ओवा आहे की नाही, ते कळू तर द्या!"

"मामा, परदेशात हे कधीचं चालतं," भाचा म्हणाला. चालतं, मान्य. इटलीच्या मारिनेत्तीनं १९३२ साली पाककलेचं एक पुस्तक काढलं. त्यातल्या एका पदार्थात उजव्या हातानं ऑलिव्ह खायचे, डाव्या हातानं रेशीम, मखमल आणि सँडपेपर कुरवाळायचा आणि तेवढ्यात वाढप्यानं मानेवर कार्नेशनचं अत्तर फवारायचं. शिकागोच्या 'अलिनिया'त ताटली सुगंधी हवेच्या उशीवर ठेवत. ताटलीच्या भारानं वास हळूहळू सुटे. तिथल्याच ग्रँट अकॅट्झनं एका पदार्थाबरोबर ओकची जळती पानं ठेवली. कारण विचाराल, तर मिशिगनमधल्या लहानपणी पानगळीत पानं जाळल्याचा वास त्याच्या मनात होता. हे मला पटतं. ती त्याची स्वतःची आठवण होती. आमच्या दहीवड्यावर कुणाच्या आठवणीचा धूर होता?

"आणि तुमच्या पंगतीत उदबत्त्या नव्हत्या का?" भाच्यानं शेवटचा बाण काढला. होत्या ना! पण उदबत्ती पंगतीची होती, जिलबीची नव्हे. जिलबी चंदनाची लागावी, असा तिचा हट्ट नव्हता.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा धुराचा एवढा राग? त्याला कारण आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि ते नवं 'उमामी', एवढंच कळतं. बाकीची बहुतेक चव नाकाची. चावताना वास घशामागून नाकात चढतो. खोटं वाटत असेल, तर नाक दाबून बडीशेप चावा. नुसता भुसा! नाक सोडा, की बडीशेप हजर.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. २०२१ साली कोविडमध्ये माझा वास गेला. आमटी म्हणजे कोमट आंबट पाणी. एकदा तर ओट्यावर दूध करपून काळं झालं आणि मी शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत होतो. तीन आठवडे घर असून घरात नसल्यासारखा वावरलो. मग एका सकाळी शेजाऱ्यांच्या खिडकीतून हिंगाची फोडणी आली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बायकोला सांगितलं, मिरची झोंबली.

ती फोडणी कुणी माझ्यासाठी योजली नव्हती. पण वास म्हणजे निरोप असतो: आत कुणीतरी काहीतरी शिजवतंय. बाटलीतला वास म्हणजे खोटी तार. तारेत पाऊस, दारात ऊन!

खेळ करू नका, असं मी म्हणत नाही. जरूर करा! हळदीच्या पानातल्या पातोळ्या मिटलेल्याच आणा, पान आम्ही उघडतो. वरणावरची फोडणी आमच्यासमोर घाला. आंबेमोहराचं झाकण टेबलावर काढा. पण वास पदार्थाचा असू द्या. त्याला उसने कपडे घालू नका.

बिलात 'अनुभव शुल्क' असा वेगळा आकडा होता. भाच्यानं तो हसत भरला. बाहेर पडलो तेव्हा आम्ही तिघंही उपाशी. कोपऱ्यावर वड्याची गाडी होती. कढईतला घाणा, लसूण, कढीपत्ता! त्या वासात आम्ही फुकट उभे राहिलो, मग दोन-दोन वडे खाल्ले. भाच्यानं फोनवरून पैसे दिले आणि गाडीवरची पेटी खणखणीत ओरडली, "पैसे प्राप्त झाले!"

वड्यांचे पैसे पैशांत मिळाले, वासाचे आवाजात. न्यायाधीशाचा निकाल अजून लागू आहे म्हणायचा.